तेरा भागांची मुदत



फेब्रुवारी २०२४ मध्ये कविता चौधरी गेल्या. अनेक वर्तमानपत्रांनी त्यांची ओळख करून दिली ती ‘सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी’ अशी. ‘उडान’चं नाव त्यानंतर आलं, तेही ‘पोलीस अधिकाऱ्याचं काम करणारी अभिनेत्री’ एवढ्यापुरतं. १९८९ साली सुरू झालेली ही मालिका त्यांनीच लिहिली आणि दिग्दर्शितही केली, हे वाचायला बातमीत बरंच खाली जावं लागत होतं. एप्रिल २०२२ मध्ये मंजू सिंह गेल्या तेव्हाही असंच झालं. ‘गोलमाल’ चित्रपटातली नायकाची बहीण म्हणून लोकांना त्या आठवल्या. वेगवेगळ्या भारतीय भाषांमधल्या कथा पडद्यावर आणणारी ‘एक कहानी’ आणि स्त्रियांच्या कायदेशीर हक्कांवरची ‘अधिकार’ हे सगळं उभं करणारी निर्माती मात्र मागेच राहिली.

बाईचा चेहरा लक्षात राहतो आणि तिने केलेलं काम विसरलं जातं, हा अनुभव आपल्याला नवा नाही. पण या अंकाचं संपादकीय आम्ही फक्त श्रद्धांजली म्हणून लिहीत नाही. १९८४ ते १९९१ या सात-आठ वर्षांत दूरदर्शनवर थोडक्या पैशांत मालिका करणाऱ्या स्वतंत्र निर्मात्यांची एक पिढी उभी राहिली आणि तिच्यात बायका होत्या. हे दार उघडलं कसं, त्यातून आत आलेल्या बाईला काय करता आलं, आणि ते दार बंद होताना तिच्या हातात काय उरलं, हा हिशेब स्त्री-चळवळीने अजून नीट मांडलेला नाही. आज आपल्यापैकी अनेक गट स्वतःच मोबाइलवर चित्रफिती बनवतात, तरुण मैत्रिणी छोट्या मालिका काढतात. त्यांच्यासाठी हा हिशेब कामाचा आहे.

आधी दार कसं उघडलं ते पाहू. भारतात दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालं. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढची दहा वर्षं कार्यक्रम बनत ते केंद्रांवरच, सरकारी नोकरीतल्या निर्मात्यांकडून. मुंबई केंद्रावरून बायकांसाठी ‘सुंदर माझं घर’ लागायचं, आणि बायकांच्या कार्यक्रमाला हे नाव सुचावं यातच त्या वेळची समज दिसते. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, त्याच वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले. १९८४ मध्ये तर काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवं प्रक्षेपण केंद्र उभं राहत होतं. मनोरे उभे राहिले, पण त्यावरून दाखवायचं काय? सरकारने डिसेंबर १९८२ मध्ये पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेला कार्यगट नेमका याच प्रश्नावर काम करत होता. १९८४ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालात दूरदर्शनवर स्त्रिया कशा दिसतात, याचा स्वतंत्रपणे विचार केलेला होता.

अहवाल अहवालाच्या जागी राहिला. व्यवहारात प्रश्न सोडवला तो प्रायोजकांनी. पद्धत साधी होती. बाहेरच्या निर्मात्याने मालिकेची कल्पना घेऊन दिल्लीला मंडी हाऊसमध्ये जायचं. नमुन्याचा पहिला भाग, ज्याला सगळे ‘पायलट’ म्हणत, तो स्वतःच्या खर्चाने करायचा. मंजुरी मिळाली तर साधारणपणे तेरा भागांची मिळे, म्हणजे आठवड्याला एक याप्रमाणे तीन महिने. निर्मितीचा खर्च आणि दूरदर्शनचं शुल्क प्रायोजक कंपनी भरे, आणि त्या बदल्यात मालिकेच्या आगेमागे तिला जाहिरातीसाठी वेळ मिळे. तेरा भागांनंतर मुदतवाढ मिळाली तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या पद्धतीत एक गोष्ट घडली. चित्रपट करायचा तर वितरक लागतो, नट लागतो, सावकार लागतो, आणि या सगळ्यांना ‘बाई आणि निर्माती?’ हा प्रश्न पडतो. मालिकेला यातलं फारसं काही लागत नव्हतं. व्हिडिओवर काम असल्याने कच्च्या फिल्मचा खर्च नाही, रंगभूमीवरचे चांगले पण न गाजलेले कलाकार, एक-दोन नेपथ्यं आणि हातात पक्की संहिता एवढ्यावर भागत होतं. जिथे भांडवल कमी लागतं तिथे बाईला शिरकाव मिळतो, हे आपण पापड-लोणच्यापासून शिवणकामापर्यंत सगळीकडे पाहिलं आहे. दूरदर्शनच्या मालिकांचं तसंच झालं. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेल्या ‘हम लोग’च्या निर्मात्या शोभा डॉक्टर होत्या. सई परांजपे यांनी दिल्ली दूरदर्शनवर नोकरीत बरीच वर्षं काढली होती. त्यांनी ‘अडोस पडोस’ आणि ‘छोटे बडे’ या मालिका केल्या. रंगभूमीवरून आलेल्या विजया मेहता यांनी १९९१ साली रुग्णालयाच्या पार्श्वभूमीवर ‘लाइफलाइन’ केली. मंजू सिंह आणि कविता चौधरी यांची नावं वर आलीच आहेत.

आता पडद्यावर काय दिसलं ते पाहू. पैसा कमी असला की कॅमेरा घराबाहेर जात नाही. रस्त्यावर चित्रीकरण करायचं तर परवानग्या, गर्दी, प्रकाश, प्रवास असा सगळा खर्च वाढतो. त्यामुळे मालिका घरात रमली. स्वयंपाकघर, ओसरी, जिना, शेजारणीचं दार. चित्रपटात ज्या जागा नायिकेच्या एखाद्या गाण्यापुरत्या येत, त्या इथे मुख्य झाल्या. रेशन संपलंय, नवरा पिऊन आलाय, मुलीचं शिक्षण चालू ठेवायचं की नाही, हे प्रश्न प्रत्येक भागात येऊ लागले. ‘हम लोग’ची कल्पना मेक्सिकोतल्या मिगेल सबिदो यांच्या, मालिकेतून सामाजिक संदेश देण्याच्या पद्धतीवरून घेतलेली होती. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेल्या या मालिकेत दारुड्या बसेसरराम, सोशिक भागवंती आणि बडकी, मझली, छुटकी या तीन मुली होत्या. सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा उपदेश फार होता. तेरा भागांच्या सुमारास प्रेक्षक कंटाळल्याचं दिसल्यावर उपदेश कमी झाला आणि कुटुंबाची गोष्ट पुढे आली. दूरदर्शनकडे आणि कलाकारांकडे या मालिकेबद्दल चार लाखांवर पत्रं आली, असं तिचा अभ्यास करणाऱ्या अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी नोंदवलं आहे.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी. भागवंतीचं पात्र लिहिलं होतं ते सोसण्याने काय होतं हे दाखवण्यासाठी. पण प्रेक्षकांपैकी अनेकांनी, त्यात बायकाही आल्या, तिलाच आदर्श मानलं. सोसणाऱ्या बाईबद्दल आपल्याकडे इतका आदर भरून ठेवलेला आहे, की सोसणं नुसतं दाखवून भागत नाही. आणि प्रत्येक भागाच्या आगेमागे प्रायोजकाची जाहिरात होतीच. मॅगी नूडल्स भारतात घरोघरी पोहोचल्या त्या मुख्यतः ‘हम लोग’च्या बरोबर. मालिकेत आई दिवसभर चुलीपाशी राबते, आणि जाहिरातीत दुसरी आई दोन मिनिटांत हसतमुखाने मुलांची भूक भागवते. मुलांना खाऊ घालणं हे आईचंच काम, याबद्दल मालिका आणि प्रायोजक या दोघांचं एकमत होतं.

१९८५ च्या ‘रजनी’चंही असंच. बासू चॅटर्जींनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत प्रिया तेंडुलकर गॅसच्या सिलिंडरसाठी, टॅक्सीवाल्यांच्या अरेरावीविरुद्ध भांडायच्या. मुंबईच्या टॅक्सीचालकांनी त्याविरुद्ध निषेध केला होता, इतकी ती लोकांपर्यंत गेली. बाईने मोठ्या आवाजात भांडलेलं चालतं, हे त्या मालिकेने घरात बसलेल्या लाखो बायकांना दाखवलं. पण रजनी भांडायची ती ग्राहक म्हणून, गृहिणी म्हणून. तिचा आवाज घरातल्या सत्तेकडे क्वचितच वळला. या मर्यादा आपल्या मैत्रिणींनी तेव्हाच मांडल्या होत्या. प्रभा कृष्णन आणि अनिता दिघे यांनी १९८६ मधले दूरदर्शनचे कार्यक्रम तपासून १९९० साली पुस्तकच प्रसिद्ध केलं. पडद्यावरचं बाईपण कसं रचलं जातं, कोणती बाई गौरवली जाते आणि कोणती नाकारली जाते, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं.

‘उडान’ इथे वेगळी ठरते. कविता चौधरींनी आपल्या बहिणीच्या, म्हणजे कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून ती लिहिली. कांचनजी भारतीय पोलीस सेवेतल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक, आणि पुढे २००४ साली उत्तराखंडात देशातल्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक. मुलगी झाली म्हणून नाराज झालेलं घर, मालमत्तेचे वाद, तिच्या पाठीशी उभा राहणारा बाप, प्रशिक्षण आणि नोकरी असा कल्याणीचा प्रवास त्या मालिकेत होता. वर्दीतल्या बाईचा पोलीसयंत्रणेशी काय संबंध असावा, यावर आपले मतभेद असतील, आणि ते असावेतच. तरी नोकरी हा बाईच्या आयुष्याचा मुख्य धागा मानून, लग्न हा शेवट न धरता लिहिलेली ती गोष्ट होती. ती लिहिणाऱ्या बाईच्या घरातली होती, म्हणून ती तशी लिहिली गेली. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली तेव्हा तीस वर्षांनंतरही ती शिळी वाटली नाही.

मात्र ‘थोडक्या पैशांत’ या शब्दांत कोणाचं तरी श्रममूल्य दडलेलं असतं. पायलटचा खर्च निर्मातीचा, मंजुरी लांबली तर व्याज तिचं, प्रायोजकाने पाय मागे घेतला तर बुडीतही तिचंच. स्वस्त मालिका ही बहुतेकदा जास्त तासांच्या आणि कमी मोबदल्याच्या कामावर उभी असते. छोट्या युनिटमध्ये नेमणूकपत्र नसतं, कामाच्या वेळा नसतात, तक्रार करायला जागा नसते. याची आपल्याला माहीत असलेली सर्वांत जळजळीत साक्ष खाजगी वाहिनीच्या सुरुवातीच्या काळातली आहे. १९९३ साली सुरू झालेल्या ‘तारा’च्या लेखिका-निर्मात्या विनता नंदा यांनी २०१८ मध्ये, त्या मालिकेच्या काळात सेटवर होत असलेल्या छळाबद्दल आणि नंतर आपल्यावर झालेल्या बलात्काराबद्दल जाहीरपणे लिहिलं. ते प्रकरण पोलिसांत आणि न्यायालयात गेलं, त्याचा निवाडा करणं हे या पानाचं काम नाही. पण मालिका लिहिणाऱ्या आणि निर्माण करणाऱ्या बाईलाही बोलायला इतकी वर्षं का लागावी, हा प्रश्न आपला आहे. ‘तारा’ सुरू झाली तेव्हा कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत विशाखा निकालही आलेला नव्हता, तो आला १९९७ साली. कायदा व्हायला २०१३ उजाडलं.

त्याच वर्षांत दूरदर्शनच्या बाहेरही थोडक्या पैशांत काम चालू होतं, फक्त त्याची पैशांची पिशवी निराळी होती. १९८० च्या संपातून पुण्यात मोलकरणींची संघटना उभी राहिली, आणि तिच्याबरोबर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८१ साली ‘मोलकरीण’ हा लघुपट केला. पुढच्याच वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांबरोबर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ केला. दीपा धनराज आणि त्यांच्या सहकारी मैत्रिणींनी हे चित्रपट कामगार बायकांशी बोलून, त्यांच्याच अनुभवातून प्रसंग रचून बनवले आणि वस्त्यांमध्ये नेऊन दाखवले. अहमदाबादला ‘सेवा’ संघटनेने १९८४ मध्ये अमेरिकेच्या मार्था स्टुअर्ट यांच्या मदतीने सुमारे वीस बायकांना व्हिडिओचं शिक्षण दिलं. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, अनेकींना लिहितावाचता येत नव्हतं. यंत्रावरची चिन्हं ओळखून त्या कॅमेरा चालवायला आणि संकलन करायला शिकल्या, आणि माणेकचौकातल्या भाजीवाल्यांच्या जागेच्या लढ्याची चित्रफीत त्यांनी केली. दिल्लीत ‘मीडिया स्टॉर्म’ या तरुण मुलींच्या गटाने मुस्लिम महिला विधेयकावर आणि नंतर देवराळाच्या सतीप्रकरणावर चित्रफिती बनवल्या.

या कामाला कोट्यवधींचा प्रेक्षक नव्हता, हे खरं. पण तेरा भागांची मुदतही नव्हती. प्रायोजकाला काय आवडेल याचा विचार न करता मोलकरीण मालकिणीबद्दल बोलू शकत होती. दूरदर्शनवरच्या निर्मातीकडे प्रेक्षक होते पण पैशावर ताबा नव्हता, आणि चळवळीतल्या गटाकडे ताबा होता पण प्रेक्षकांपर्यंतची वाट नव्हती. या दोघींची गाठ त्या वर्षांत फारशी पडली नाही. आपण दूरदर्शनच्या मालिकांवर टीका केली, ती बरोबरच होती, पण आत राहून धडपडणाऱ्या निर्मातीला संहितेसाठी, संशोधनासाठी साथ देणं हे आपलं काम आहे असं आपल्याला त्या वेळी कमी वाटलं.

दार बंद होत गेलं ते हळूहळू. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘महाभारत’ सुरू झालं. रविवार सकाळचा जाहिरातीचा वेळ सोन्याच्या मोलाचा झाला आणि प्रायोजकांना भव्यतेची चटक लागली. १९९१-९२ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या. हळूहळू पद्धतच बदलली. मालिका करवून घेणारी वाहिनी, पैसा तिचा, आणि बहुतेक करारांत मालिकेवरचे हक्कही तिचेच. निर्माता म्हणजे ठेकेदार. आठवड्याच्या एका भागाऐवजी रोजचा भाग आला आणि छोट्या युनिटला तो वेग पेलेना. ३ जुलै २००० ला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. तिच्या निर्मात्या एकता कपूर. देशातली सर्वांत यशस्वी मालिका-निर्माती एक बाई होती, आणि पडद्यावर घर पुन्हा मध्यभागी आलं होतं. पण आता त्या घरात रेशन संपत नव्हतं, आणि घरातलं काम कोण करतं ते दिसेनासं झालं होतं. निर्माती बाई असणं पुरेसं नाही, हे यातून आपण शिकलो. पैसा कोणत्या अटीवर येतो आणि केलेल्या कामावर हक्क कोणाचा राहतो, हे प्रश्न त्याच्या बरोबरीने विचारावे लागतात.

आजच्या तरुण मैत्रिणीला यूट्यूबसाठी काही करायला ना मंडी हाऊस लागत, ना पायलट. तरी तिची मुदत ठरवणारं कोणीतरी आहेच. जाहिरातीचा पैसा किती द्यायचा, चित्रफीत कोणाला दाखवायची, कोणती काढून टाकायची, हे कंपनी ठरवते. म्हणून या हिशेबातून निघणारी काही कामं आम्ही गटांपुढे ठेवतो आहोत.

पहिलं काम आपल्या कपाटांचं. १९८० आणि ९० च्या दशकांत आपल्या गटांनी मोर्चे, परिषदा, शिबिरं, मुलाखती व्हिडिओवर घेतल्या. चुंबकीय फितीचं आयुष्य मर्यादित असतं. कोकणातल्या दमट हवेत तर तिला बुरशी लवकर धरते, आणि ती चालवणारी यंत्रंही आता दुर्मीळ झाली आहेत. दूरदर्शनच्या केंद्रांवर टेप महाग म्हणून जुनं पुसून नवं चित्रीकरण केलं गेलं, त्यामुळे तिथून सगळं मिळेल या भरवशावर राहू नका. ‘युगांतर’चे चित्रपट आज पाहता येतात, कारण बर्लिनच्या एका संस्थेने त्यांचं जतन केलं. आपली यादी आपणच करू. टेपवरचं लेबल, साल, कोणी चित्रित केलं, कोण बोलतं, एवढं आधी वहीत उतरवा. बुरशी दिसली तर टेप यंत्रात घालू नका, जाणकाराकडे द्या.

दुसरं, संमतीचं. त्या टेपांमध्ये मारहाणीबद्दल, बलात्काराबद्दल बोललेल्या बायका आहेत. पंधरा जणींच्या बैठकीसाठी त्यांनी बोलायला होकार दिला होता, साऱ्या जगाला दाखवायला दिला नव्हता. जतन करणं आणि जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या बाईला शोधून, विचारूनच पुढे जायचं. ती सापडली नाही तर टेप जतन करून बंद ठेवायची.

तिसरं, कराराचं. आपल्या संस्था एखाद्या तरुण निर्मातीला चित्रफीत करायला देतात तेव्हा ‘चळवळीचं काम’ म्हणून मोबदला आणि हक्क दोन्ही धूसर ठेवतात. प्रायोजकाला जो जाब आपण विचारतो, तो स्वतःलाही विचारला पाहिजे. मोबदला किती, कधी, तिचं नाव कुठे येणार आणि चित्रीकरण पुढे कोण वापरू शकणार, हे कागदावर यावं.

चौथं, सुरक्षिततेचं. दहापेक्षा कमी माणसांच्या युनिटला अंतर्गत समिती नेमावी लागत नाही, पण २०१३ च्या कायद्याप्रमाणे अशा ठिकाणच्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ती आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्षात आहे का, तिच्यावर कोण आहे, तक्रार कुठे द्यायची, हे गटांनी शोधून काढावं आणि छोट्या युनिटपर्यंत पोहोचवावं.

आणि पाचवं, प्रसार भारतीकडे मागणीचं. प्रायोजित मालिकांचे हक्क सर्वसाधारणपणे निर्मात्यांकडे राहिले, पण दूरदर्शनने स्वतः पैसे देऊन करवून घेतलेले कार्यक्रम सार्वजनिक पैशाचे आहेत. त्यांतलं काय शिल्लक आहे, स्त्रियांनी केलेलं त्यात काय आहे, याची यादी लोकांना पाहायला मिळाली पाहिजे. त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो, आणि काही गटांनी मिळून तो केला तर पाठपुरावाही होईल.

ज्या मैत्रिणींनी त्या वर्षांत दूरदर्शनसाठी काम केलं, संकलनाच्या टेबलावर रात्री काढल्या, कपडेपट सांभाळला, संहिता लिहिली पण नाव आलं नाही, त्यांनी आम्हाला लिहावं. तुमच्या गटाच्या कपाटात काय निघालं तेही कळवावं. पुढच्या अंकात ती यादी आम्ही छापू.

— संपादक मंडळ